जरा सरकून घ्या

"त्याच्यात आणि त्याला ज्याची भीती वाटते त्या गोष्टीत सुरुवातीला निदान 20 फूट अंतर ठेवा," बिहेविअरिस्ट, म्हणजे कुत्र्यांचं वागणं समजून सांगणारी बाई, म्हणाली. व्हिडिओ कॉलवर होती, त्यामुळे माझा चेहरा तिला दिसला असणार. दादाने काही न बोलता आईच्या शिलाई मशीनच्या ड्रॉवरमधून टेप काढली आणि घर मोजायला घेतलं. ती टेप पाच फुटांची, चार वेळा लावावी लागली. गॅलरीच्या ग्रिलपासून किचनच्या ओट्यापर्यंत, मधलं कपाट नाहीच असं धरून, 19 फूट. म्हणजे बटरला ग्रिलला टेकवून उभा केला आणि आईला ओट्यावर चढवून बसवली तरी एक फूट कमी पडत होता.

बटर म्हणजे आमचा कुत्रा. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो आम्ही, जुनी म्हाडाची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. 2023 च्या पावसाळ्यात दादाला तो हायवेच्या सर्व्हिस रोडला सापडला, रिक्षाने उडवलेला, मागचे पाय ओढत बेकरीच्या फळीखाली शिरून बसलेला. रंग चहात बुडवायच्या बटरसारखा म्हणून बटर, बाकी लोण्याशी काही संबंध नाही हे नंतर कळलंच. पाय चालेपर्यंत ठेवू, चार दिवस, असं दादा आईला म्हणाला. आमच्या घरात चार दिवस म्हणून आलेल्या वस्तूंची यादी मोठी आहे, त्यात गावच्या काकीची ट्रंक 1998 पासून आहे.

पहिले दोन-तीन महिने तर इतका गुणी की काय सांगू. कोपऱ्यात पडून राहायचा, देऊ ते खायचा, भुंकणं नाही काही नाही. आई सगळ्यांना सांगायची, फार समजूतदार आहे हो. आता मागे वळून बघताना कळतं की तो समजूतदार वगैरे नव्हता, घाबरून बंद पडला होता. नवीन सून पहिला महिना जशी कुठल्याच गोष्टीला नाही म्हणत नाही तसं. मग हळूहळू अंग भरलं, पाय टेकायला लागले आणि साहेबांचं खरं मत बाहेर यायला लागलं. झाडू दिसला की गुरगुर. छत्री उघडली की गुरगुर. दादा नाइट शिफ्ट करून ऐरोलीहून सकाळी येतो आणि जमिनीवर गादी टाकून झोपतो, त्या गादीवर बटर आधी पोचला असेल तर दादाने बसायचं नाही. खाताना जवळून गेलेलं चालायचं नाही. झोपेत कुणाचा पाय लागला तर दात विचकून वळायचा.

आम्ही काय केलं, जे सगळे करतात तेच केलं. गुरगुरला की ओरडायचं, "ए गप!" पेपरची गुंडाळी करून जमिनीवर आपटायची. त्यात दादाने कुठून तरी एक ट्रेनर आणला, त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं की हा स्वतःला घरातला बॉस समजतो, याला अल्फा कोण ते दाखवा. गळ्यात चेन घालून झटका द्यायचा, गुरगुरला की आडवा पाडून दाबून धरायचा, तो ढिला पडेपर्यंत सोडायचा नाही. तीन आठवड्यांत बटरची गुरगुर बंद झाली. खरंच बंद झाली, ट्रेनरने उरलेले पैसे घेतले, आम्ही पण खुश.

आणि जानेवारीत तो आईला चावला.

दुधाची पिशवी होती, रिकामी. आई पिशवी कापताना कोपरं पूर्ण तोडत नाही, लोंबतं ठेवते, मग धुऊन नळाला अडकवते, भंगारवाल्यासाठी. ती पिशवी खाली पडली आणि बटरने उचलून मशीनखाली नेली. आई वाकली आणि पिशवीचं एक टोक धरलं. मी बाजूलाच कांदा चिरत होते, मला काहीही ऐकू आलं नाही, गुरगुर नाही, भुंकणं नाही, एकदम आईचा "आई गं" एवढाच आवाज. उजव्या हाताच्या मागच्या बाजूला चार दात, दोन खोल. नंतर मी तिला दहा वेळा विचारलं, आधी काहीच केलं नाही का गं त्याने? ती म्हणाली, "नाही गं, उलट मी हात लावला तसा एकदम गप्प झाला. पुतळ्यासारखा. मला वाटलं ऐकलं माझं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. कुत्रा असा अंग ताठ करून थिजतो, तोंड बंद, नजर तिरकी करून डोळ्याचं पांढरं दाखवतो, ती चावण्याच्या अगदी जवळची पायरी असते. त्याच्या आधीच्या पायऱ्या म्हणजे मान फिरवणं, ओठ चाटणं, नसत्या वेळी जांभई, आणि त्याच्यानंतरची म्हणजे गुरगुर. त्यातली गुरगुर आम्ही पैसे देऊन बंद करून घेतली होती. त्याचा राग कमी झालाच नव्हता, फक्त हॉर्न काढून टाकला होता.

शेजारच्या काकू हळद घेऊन धावत आल्या. हळद, मिरची, चुना काही लावायचं नाही, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची, आणि आमच्याकडे पाणी सकाळी ठरावीक वेळेतच येतं त्यामुळे दादा पिंपातून तांब्याने ओततोय, मी साबण लावतेय, आई म्हणतेय अगं पाणी संपेल. मग पालिकेच्या हॉस्पिटलात. बटरची रेबीजची लस झालेली होती, तरी डॉक्टरांनी काही चान्स घेतला नाही, रक्त आलेलं म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिन आणि दोन्ही दंडांवर लस, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी परत. कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवा म्हणाले. आई रिक्षात परत येताना म्हणाली, "त्याला मारू नका रे. मी घ्यायला नको होती पिशवी."

सोडून ये कुठेतरी, असं नात्यातल्या प्रत्येकाने सांगितलं. सोडणार कुठे? ज्या गल्लीत सोडाल तिथे आधीच चार कुत्री असतात आणि त्यांचं त्यांचं ठरलेलं असतं, मागून लंगडणारा नवीन कुत्रा ती एक रात्र राहू देणार नाहीत. पण एक स्पष्ट लिहिते, घरात लहान मूल असतं तर मी त्याला ठेवला नसता, दुसरं घर शोधलं असतं. यात प्रेमाबिमाचा प्रश्न नाही. आईला मी समजावू शकत होते, चार वर्षांच्या पोराला नाही.

मग नीट डॉक्टर शोधली, मुलुंडची, तिने सगळ्यात आधी एक्स-रे काढायला लावला. कुत्रा अचानक किंवा सारखा चावायला लागला तर आधी दुखणं शोधायचं, कान, दात, सांधे, हा तिचा नियम. बटरच्या कंबरेचं हाड त्या रिक्षाच्या धक्क्यात मोडून वाकडं जुळलेलं होतं. लाइटसमोर ती फिल्म धरून ती म्हणाली की याला मागून हात लावला, ओलांडून गेलं, गादीवरून उठवलं की कळ जात असणार. मला त्या ट्रेनरने त्याला आडवा पाडून दाबून धरलेलं आठवलं. कोणत्या कुशीवर पाडला होता तेसुद्धा आठवलं. आपल्या मनाने माणसांची पेनकिलर देऊ नका, आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक असतं, हे तिने दोनदा बजावलं आणि कुत्र्यांची वेगळी औषधं दिली. सोबत फ्लुओक्सेटिन, माणसांना डिप्रेशनसाठी देतात तेच, ज्याचा परिणाम दिसायला 4-6 आठवडे लागतात. दादा म्हणाला, घरात पहिली मानसोपचाराची गोळी कुत्र्याला सुरू झाली, गरज कुणाकुणाला होती.

अल्फाच्या भानगडीबद्दल मी नंतर वाचलं. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या माणसाने लांडग्यांचं निरीक्षण करून 1947 मध्ये ते छापलं, त्यातून ही कल्पना पसरली. पण ते लांडगे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातले, कोंडून ठेवलेले होते. मोकळ्या रानात लांडग्यांचा कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची पोरं, साधं कुटुंब, हे डेव्हिड मेक या लांडग्यांच्या अभ्यासकाने 1999 मध्ये नीट मांडलं, आणि गंमत म्हणजे अल्फा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्यात आधी त्याचाच मोठा हात होता. म्हणजे बॉस कोण यावरून जी मारामारी बघितली ती लांडग्यांचा स्वभाव कमी आणि जागेची टंचाई जास्त. हे वाचून मी हसले. विक्रोळी स्टेशनला सकाळी 8 च्या गाडीत लेडीज डब्यात कुणी वही घेऊन उभा राहिला असता तर मराठी बायकांच्या स्वभावाबद्दल त्याने काय लिहिलं असतं.

आणि तिथेच मला गुरगुर कळली. चौथी सीट माहितीये ना, तिघींच्या बाकावर चौथी अर्धी टेकते. ती काय म्हणते? "जरा सरकून घ्या." पहिल्यांदा गोड आवाजात, दुसऱ्यांदा जरा चढ्या, तिसऱ्यांदा कोपर. बटर इतके दिवस तेच म्हणत होता, जरा सरकून घ्या, मला दुखतंय. आम्ही म्हणत होतो, तोंड वर करून बोलतोस?

तर 20 फूट. आमच्याकडे ते नव्हते, कन्नमवार नगरात कुणाकडेच नाहीत. मग बिहेविअरिस्टने दुसरा मार्ग काढला, ती म्हणाली फूट नसतील तर आडोसा द्या. नजर तुटली तरी चालतं. त्याला एक जागा अशी द्या जिथे कुणीही, कधीही, कुठल्याही कारणाने हात घालणार नाही. अशी जागा आमच्या घरात एकच होती, कपाट आणि भिंतीच्या मधली, जिथे आईचं पायाचं मशीन होतं. मशीन गॅलरीत गेलं. त्या कोपऱ्यात त्याची गोधडी, पुढे आईच्या जुन्या साडीचा पडदा.

आई पडद्याला दोरी ओवत होती, मान खाली घालून, आणि सहज बोलावं तसं बोलली, "चाळीस वर्षं झाली मला या घरात. मला नाही कधी कोपरा मिळाला."

दादाने टीव्हीचा आवाज वाढवला. मी पण काही बोलले नाही.

मग रोजचं काम सुरू झालं. त्याच्या वाटीत हात घालून बघायचा नाही, "माझ्या हातून घेतलं पाहिजे" वगैरे परीक्षा बंद. उलट तो खात असताना जरा लांबून चालत जायचं आणि जाता जाता उकडलेल्या चिकनचा एक तुकडा वाटीच्या दिशेने टाकून तसंच पुढे जायचं, थांबायचं नाही, बघायचं नाही, लाडाने काही बोलायचं नाही. म्हणजे माणूस जवळ आलं की वाटीतलं जातं हे त्याच्या डोक्यातून काढून, माणूस आलं की वाटीत पडतं हे बसवायचं. सुरुवात सहा फुटांवरून. तो चघळता चघळता थांबला, अंग आखडलं, की समजायचं आपण जास्त जवळ आलो, उद्या एक फूट लांब. चिकन टाकायचं काम आईचं, कारण चावला तिला होता आणि भीती दोघांना बसली होती. पहिले काही दिवस ती दारातून फेकायची, नेम लागायचा नाही, एकदा तुकडा देव्हाऱ्यापुढे पडला, गुरुवार होता, मग जे काही झालं ते जाऊदे. पण दोन महिन्यांनी ती वाटीजवळून साडीचा पदर घासत जायची आणि तो मान वर करून शेपटी हलवायचा, आणलंस का म्हणून. उचललेली वस्तू हिसकावायची नाही हे पण तसंच, चिकन दाखवायचं, लांब टाकायचं, तो तिकडे गेला की वस्तू उचलायची. एक मोजा परत मिळवायला आमची 40 रुपयांची कलेजी गेलेली आहे.

मझल, म्हणजे तोंडाला घालायचं मुसकं, तोसुद्धा शिकवावा लागतो हे माहीत नव्हतं. कापडी पट्टीचा नाही, ती तोंड आवळून बांधते, कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि मुंबईच्या उकाड्यात ते धोक्याचं, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. बास्केटचा घेतला, आतून दही फासायचं, तो स्वतःहून तोंड घालेल तेवढंच, दोन सेकंद, पाच सेकंद, पट्टा लावायला तीन आठवड्यांनी सुरुवात. आता मझल काढला खुंटीवरून की नाचतो. आणि मझलचा खरा फायदा वेगळाच निघाला, रस्त्यावरची माणसं आपोआप सरकतात! 19 फुटांच्या घरात जे मिळालं नाही ते मच्छी मार्केटच्या गर्दीत मिळालं.

जिना मात्र अजून अवघड आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं असा जिना. खालच्या मजल्यावरचे सावंत काका, त्यांनी आमच्याविरुद्ध सोसायटीत अर्ज दिला होता, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही, त्यांना गुडघ्याचा त्रास, पळता येत नाही. मी त्यांना जाऊन सांगितलं, काका, आम्ही सकाळी पावणेसहाला आणि रात्री साडेअकराला उतरतो, उतरताना मी मोठ्याने ओरडेन. तेव्हापासून मी रोज "येतोय!" करून ओरडते आणि काका आतून ओरडतात, "कुत्रं गेलं का?" मी गेटवरून ओरडते, "गेलं!" मैत्री वगैरे नाही, पण गेल्या वर्षभरात त्यांनी अर्ज दिलेला नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाचा भटक्या कुत्र्यांबद्दलचा आदेश आला, मग 22 तारखेला तो बदलला की नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत त्यांच्या जागी सोडा, रेबीज झालेली आणि अ‍ॅग्रेसिव्ह सोडून. बिल्डिंगच्या ग्रुपवर कुणीतरी ते टाकून खाली लिहिलं, तिसऱ्या मजल्यासाठी. आदेश पाळलेल्या कुत्र्यांबद्दल नव्हता हे मी लिहिलं नाही. अ‍ॅग्रेसिव्ह हा शब्दच वाचत बसले बराच वेळ. आमच्या घरात तो शब्द एक्स-रेच्या दिवसापासून कुणी वापरत नाही, आई म्हणते "आज त्याचं बिनसलंय."

बिनसायचं कधी हे कळलं ते आईच्या कालनिर्णयवरून. तिथे ती दुधाचे खाडे आणि सिलेंडरची तारीख लिहिते, तिथेच तिने गुरगुर लिहायला घेतली, शॉर्टमध्ये "गु". दादा म्हणाला, आई, लोक घरी येतात, काय समजतील. पण त्या "गु"मुळे समजलं की ते एकेकटे येत नाहीत, झुंडीने येतात. रविवारी पाहुणे, सोमवारी वरच्या मजल्यावर ड्रिल, मंगळवारी सकाळी जिन्यात हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, आणि मग मंगळवारी रात्री नुसती छत्री पडली तरी अंगावर. छत्रीचा दोष फक्त शेवटी पडण्याचा. मी ऑफिसातून कुर्ल्याच्या गर्दीतून लटकत घरी येते आणि आईने "भाजी आणलीस का" एवढंच विचारलं तरी डाफरते, तसंच. आता पाहुणे येऊन गेले की पुढचे दोन दिवस त्याला काही शिकवायचं नाही, लांब फिरवायचं नाही, टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून द्यायचा, हुंगत बसतो, शांत होतो.

बरा झाला का, असं विचारतात लोक. नाही. पाहुणे आले की पडद्यामागे, वर पुढ्यात फळी. गणपतीत आमचा दीड दिवसाचा असतो, ढोल खालून गेला तर डॉक्टरने दिलेली वेगळी गोळी आणि दादा त्याच्याबरोबर किचनमध्ये दार लावून. मावशी अजून आमच्याकडे पाणी प्यायला येत नाही, तिचं बरोबर आहे. पण दोन वर्षांत चावलेला नाही, आणि गुरगुर परत आली. पहिल्यांदा आली तेव्हा दादा गादीकडे चालला होता, बटर आधीच पसरलेला, आणि बारीकशी गुर्र आली, रिक्षा लांबून सुरू झाल्यासारखी. दादा जागच्या जागी थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "बोलला!" मग खुर्चीत बसून चहा प्यायला, गादी मोकळी होईपर्यंत.

गेल्या रविवारी बोंबील आणले होते. आई शेवटी जेवते, नेहमीसारखी, तव्यावरचा शेवटचा कुरकुरीत तुकडा तिच्या ताटात. लहानपणापासून तो तुकडा माझा, तिने वाढून घ्यायचा आणि मी येऊन उचलायचा, तिने "घे गं" म्हणायचं, असंच चालत आलंय. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले आणि सवयीने हात पुढे केला.

आईने ताटावरून मान न उचलता गुर्र केलं.

पडद्यामागून बटरने डोकं बाहेर काढलं. मी हात मागे घेतला.